व्यासपीठाखालची विहीर

व्यासपीठाची पायरी आली की आमच्या बाई चपला काढायच्या. सरस्वतीपूजन असो नाहीतर दहावीचा निरोप, अनवाणीच वर चढायच्या. एकदा शिक्षण खात्याचे साहेब आले होते. बाईंचं बघून त्यांनीही घाईघाईनं बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर! मागच्या रांगेतली पोरं जी खिदळली, विचारू नका. साहेबांनी विचारलं, "इथं देवाचं स्थान आहे का?"

"नाही हो. खाली विहीर आहे. मी बुजवली."

हे त्या कुणालाही सांगत. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. चांगलं केलेलं सांगायला लाजतात आणि चुकलेलं मात्र हाक मारून सांगतात.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली गणित शिकवायचो, अजून शिकवतो. आमचं हायस्कूल रत्नागिरीजवळ, उघड्या कातळावर. जुन्या खोल्या जांभ्या दगडाच्या, वर कौलं. सगळं श्रमदानातलं. एकेका वाडीनं एकेक खोली उभी केली आणि शेवटी सगळ्या वाड्यांनी पाळ्या लावून विहीर खणली. कातळ फोडायचा म्हणजे खायचं काम नाही. गावात तेव्हा ज्याचा त्याचा पाणवठा वेगळा. बौद्धवाडीतली पोरं आणि बाकीची पोरं एका रहाटाचं पाणी पहिल्यांदा प्यायली ती इथं.

मग नवा हॉल बांधायचं ठरलं आणि नेमकी विहीर आड आली. नळयोजना मंजूर होती. नळ येणार, मग विहीर हवी कशाला? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, सही बाईंची. विहीर दगडमातीनं भरली, वर स्लॅब पडला, त्यावर व्यासपीठ. नळही आला, पण होळी झाली की त्यातून नुसती हवा यायची. तेव्हापासून उन्हाळ्यात टँकर.

बाईंनी ते जिवाला लावून घेतलं. बौद्धवाडीत एक आजोबा होते, विहिरीच्या पहिल्या पाळीला पहार मारलेले. बाई मला घेऊन त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, माझ्या हातून पाप झालं."

आजोबा म्हणाले, "बाय, शाळा मोठी झाली ना? मग जाऊंद्या. बसा, चाय घ्या."

परत येताना बाई वाटभर डोळे पुसत होत्या. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो," म्हणाल्या.

बाईंच्या निरोपसमारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, हॉलला बाईंचं नाव देणार. टाळ्या पडल्या. बाई ताडकन उठल्या. "माझं नाव? त्या हॉलला? काही करायचंच असेल तर हे व्यासपीठ फोडा, विहीर उघडा." कुणीतरी हसलं. तेव्हा त्यांनी हात जोडले. "ते नाही जमत तर निदान नाव तरी नका लावू. मला शब्द द्या." अध्यक्षांनी शब्द दिला. आम्हीही दिला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बाई नको म्हणायच्या, तो त्यांचा मोठेपणा होता. आता आपण आपलं कर्तव्य करू." सगळ्यांचे हात वर गेले. माझा जरा उशिरा गेला, पण गेला. लाज वाटते सांगायला.

आता दारावर पितळी अक्षरांत बाईंचं नाव आहे. छान दिसतं. टँकरही त्याच दारासमोर लागतो, पुढं गाडीला वाट नाही. परवा रांगेत पाचवीतली एक मुलगी बाटली घेऊन उभी होती. वर बघून तिनं नाव मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "सर, आपल्याला पाणी ह्याच बाईंनी दिलं काय?"

मी 'हो' म्हटलं आणि रांग सरळ करायला लागलो.