मैनाबाईचे पाय

भैयालाल कटरे चुनखडीच्या खदानीत शावेल चालवायचा. शावेल म्हणजे फोडलेला दगड उचलून डंपरात टाकणारी धिप्पाड मशीन. उभा जन्म त्यानं तिच्यावर काढला आणि त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, ती एकदाही पाहिली नाही. कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? पण भिलाईत तसं म्हणून भागत नाही. इथं विश्वकर्मापूजेला कामगार आपापली मशीन धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून सजवतात आणि त्या दिवशी बायकापोरांनाही आत सोडतात. बाया ठेवणीतली साडी नेसून बसमधून जातात, नवऱ्याच्या मशीनला कुंकू लावतात, प्रसाद खाऊन मिरवत घरी येतात.

मैनाबाई गेली नाही. एका वर्षी सासू आजारी. एका वर्षी महालक्ष्म्या नुकत्याच उठलेल्या, घरात भांड्यांचा ढीग. पण ही सगळी सांगायची कारणं. गोंदियाकडच्या धानवाल्यांची लेक ती, जावई भिलाईत नोकरीला म्हणून बापानं दिलेली. तिच्या मनात टेबल-खुर्ची होती, आणि दारात यायचा तो पिठात लोळल्यासारखा पांढराफटक माणूस. ते कपडे धुता धुता तिचे हात सोलून निघायचे.

"चाल ना वं एखाद्या वर्षी," तो म्हणायचा.

"धूळ पाहाले काहून येऊ? रोज घरी आनताच ना तुमी."

तो हसायचा. शेवटच्या वर्षी त्यानं विचारलंच नाही. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणंच तिला पुढं कुरतडत राहिलं.

खदान बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, भैयालाल रिटायर झाला. भिलाईतल्याच सुपेला वस्तीतल्या घरी ओट्यावर बसून असायचा. रस्त्यानं जेसीबी चालली की उठून उभा राहायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचा. ते पाहून बाईला उमगलं, की त्या मशीनमध्ये या माणसाचं काय होतं आणि आपण कशाला नाक मुरडलं. पण वरातीमागून घोडं, काय उपयोग?

मग एक दिवस बातमी आली, की खदानीचं पर्यटनस्थळ झालं. तळ्यात बोटी, कडेला कठडे, गेटवर तिकीट, आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की चबुतऱ्यावर रंग मारून ठेवलेली जुनी शावेल. भैयालालचीच. मैनाबाईनं रविवारी चांगली साडी नेसली, कुंकवाची पुडी बांधून घेतली.

"कुठं निंगाली?"

"तुमची मशीन पाहाले. चाला."

भैयालाल गडबडला. "ऊन लय हाय. पायऱ्या हायेत तिथं. पानीच तं हाय नुसतं, काय पाहातं?"

"अवो, जिंदगीभर तुमीच बलावत होते ना?"

तरी तो टाळाटाळच करत राहिला. तिला वाटलं, रुसला आहे. रुसू दे बापडा, हक्कच आहे त्याचा. तिनं ऑटो बोलावला आणि त्याला हाताला धरून बसवलं.

गेटवर शेषराव भेटला. हा पूर्वी भैयालालच्या शावेलखाली डंपर लावायचा, आता इथं शिट्टी घेऊन राखणीला होता. मैनाबाईला पाहून त्यानं हातच जोडले.

"वयनी आल्या! पाय बरे झाले वाटते?"

"पाय?"

"आमी वर्षानुवर्षं आयकून राहिलो, भैयालालच्या बाईले चालता येत नाही म्हनून. दर पूजेले तुमच्यासाठी प्रसादाचा डबा बांधून न्यायचा. आमच्या बाया म्हनत, नवरा असावा तं असा."

भैयालाल स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मैनाबाईला तो डबा आठवला. ती तो न चाखताच शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. बायकोला माझ्या धुळीची लाज वाटते, एवढं सांगणं त्याला काय अवघड होतं? चार माणसांत त्यानं ते एकदाही सांगितलं नाही. हार घातलेल्या मशीनपाशी एकटा उभा राहिला आणि बायको पायानं अधू आहे म्हणाला.

शेषरावनं लगबगीनं खुर्ची आणली. "पायऱ्या उतरू नका वयनी, जड जाईन. इथून दिसते थोडी."

आजही सुपेल्याच्या बाजारातून भाजीची थैली घेऊन पायी येणारी बाई ती. एक शब्द बोलली असती तर खाली मशीनपाशी पोहोचली असती. आणि त्याच शब्दानं भैयालाल दोस्तासमोर खोटा ठरला असता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बरे कुठचे, भाऊ," मैनाबाई म्हणाली. "ऑटो होता म्हनून आली. पायऱ्या नाई व्हायच्या माह्यानं."

गुडघ्यावर हात टेकत ती हळूच खुर्चीत बसली. पुडी भैयालालच्या हातात दिली. "तुमीच लावा. माह्या नावानं."

शेषराव त्याला दंडाला धरून खाली घेऊन गेला. वरून मशीनची मागची पिवळी बाजू तेवढी दिसत होती. तो बसायचा ती केबिन पलीकडच्या अंगाला होती. उठून कठड्यापर्यंत चार पावलं गेली असती तर तीही दिसली असती. पण खालून शेषराव मधून मधून वर बघून हात हलवत होता, आणि मैनाबाई बसल्या जागेवरून हात हलवत राहिली.