भीमाबाईंचे भांडखोर मासे

गरीब स्वभावाचे मासे भीमाबाईंना कधी आवडलेच नाहीत. भिलाईतल्या त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी होती आणि तीत पंचवीस आफ्रिकन सिक्लिड. निळे, पिवळे, पट्टेवाले, पण सगळे एकजात भांडखोर. नवऱ्याच्या जागी प्लांटात लागल्या तेव्हा ‘बाई काय क्रेन चालवणार!’ म्हणणाऱ्यांशी भीमाबाई स्वतः वीस वर्षं भांडल्या होत्या. भांडणाऱ्या जिवांचं त्यांना कसलं आलंय वावडं!

आता रिटायरमेंटला महिना उरला होता. क्वार्टर सोडून मुलाकडे, पियूषकडे, बोरसीला राहायला जायचं होतं. त्यानं आईसाठी मागची खोली हौसेनं रंगवून ठेवली होती. टाकीचं मात्र तो नाव काढत नव्हता. भीमाबाईंना धास्ती होती ती हीच. टाकी सुटली की पुढचं आयुष्य मागच्या खोलीत, कुणी आणून देईल तेव्हा चहा घेत काढायचं.

एका गुरुवारी त्या ड्युटीवरून आल्या, तर सामान बांधायला आलेला पियूष खुशीत बसलेला आणि टाकीत सातच मासे. पिवळी मादी फाटक्या पंखांनी तळाशी आडवी पडली होती. मोठा निळा नर तरीही तिच्यावर धावून जात होता.

“बाकीचे कुठं गेले रे?”

“पावर हाउस मार्केटात, अॅक्वेरियमच्या दुकानात देऊन आलो, आई. कम मछली, तो कम झगडा!”

पोराच्या मनात वाईट नव्हतं. दोन खोल्यांत सात माणसांत वाढलेला तो. गर्दी म्हणजे भांडण, एवढंच त्याला ठाऊक. पण या माशांचं उलटं असतं. गर्दी असली की दांडगा मासा कुणाकुणाच्या मागे लागणार? राग सगळ्यांत वाटला जातो. गर्दी हटली की तो एकालाच धरतो आणि मारूनच सोडतो.

“अठरा जण होते तिच्या आडोशाले. तू नेले,” भीमाबाई म्हणाल्या. पिवळी तोवर मेली होती. त्यांना रडू आलं, आणि रडता रडताच त्यांनी चप्पल घातली.

ऑटोनं जाऊन त्यांनी अठराच्या अठरा मासे परत आणले. मग टाकीतले सहा बाहेर काढले, बाह्या सारल्या आणि सगळे दगड उपसले. निळ्याची गुहा मोडून डावीकडचा ढीग उजवीकडे रचला आणि सगळ्यांना एकदमच पाण्यात सोडलं. निळा आपली जागा शोधत पाहुण्यासारखा भिरभिरत राहिला.

“दगड कावून हलवले?” पियूषनं विचारलं.

“जुनी जागा राहिली का तो मालक होते. हलवली का सगळेच नवे.”

महिन्यानं टेम्पो बोरसीला लागला. टाकी, दगड, माशांचे झाकलेले ड्रम सगळं उतरलं. पियूषनं आईची ट्रंक उचलून सरळ मागच्या खोलीत नेली. परत आला तर भीमाबाई हॉलमध्येच उभ्या. मोठ्या भिंतीला त्याचा सोफा होता, रोजची बसायची जागा. भीमाबाईंनी पदर खोचला आणि सोफ्याला हात घातला.

“आई, हे काय करून राहिली?”

“दगड हलवून राहिली,” भीमाबाई म्हणाल्या. “तिकून धर.”