आमच्या सभेची हजेरी

सभा कोणतीही असो, आमच्या अमरावतीत हजेरीची वही फिरल्याशिवाय ती झाली असं कोणी मानत नाही. नाव, गाव, मोबाईल नंबर, सही. शोकसभेतही फिरते. आमच्या वाचनालयाची वही मी सांभाळतो, आणि कोणी नंबर अर्धवट लिहिला तर त्याला भर सभेत उठवतो. जन्मभर मास्तरकी केली, खोड जाणार कशी?

मध्यंतरी लोकांचे फोन ऐकायचे, मेसेज वाचायचे, कोण कुणाकडे जातं-येतं ते पाहायचे जास्तीचे अधिकार सरकारला द्यायच्या कायद्याची चर्चा सुरू होती. पेपरात रोज कोणी ना कोणी भांडत होतं. म्हटलं, आपणही वाचनालयात दोन्ही बाजूंची चर्चा ठेवू. अकोल्याहून भाचीला बोलावलं. धाकट्या बहिणीची एकुलती एक पोरगी, वकिली शिकलेली, नुकतीच एका सरकारी खात्यात निवड झालेली. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली की नेमणुकीची ऑर्डर येणार होती. ती म्हणाली, "मामाजी, आत्ता नको. ऑर्डर हाती येऊ द्या." मी भडकलो. "तुयासारख्या शिकलेल्या पोरी मूग गिळून बसल्या तं बोलन कोन?" बिचारी आली.

सभा रंगली. एक निवृत्त तलाठी उठून म्हणाले, "आपन काही वाकडं करत नाही, तं पाहू द्या ना सरकारले! बिघडते काय?" टाळ्या पडल्या. मग भाची उठली. "काका, मैत्रिणीले मी काय लिहिलं ते मी मायलेही दाखवत नाही. त्यात वाकडं काहीच नसते. पन ते मायं असते." तलाठीसाहेब खाली बसले. माझी तर छाती अशी फुगली म्हणता!

शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांत पोलिसांच्या गोपनीय शाखेचा माणूस बसला होता. त्यात लपवाछपवी काही नाही. तो आमच्या सगळ्याच सभांना येतो, सगळे त्याला ओळखतात, चहाही देतात. सभा आटोपल्यावर म्हणाला, "गुरुजी, हजेरीची एक झेरॉक्स भेटन का? रिपोर्टले लावा लागते." आणि मी, अहो मी, ज्यानं सरकारच्या नजरेवर बोलायला ही सभा भरवली, तो स्वतः वही घेऊन समोरच्या दुकानात गेलो. भाचीचा नंबर जरा पुसट उमटला होता, तो मी पेनानं गडद केला. आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो तुमची."

दीडेक महिन्यानं बहिणीचा फोन आला. "दादा, ये," एवढंच म्हणाली. मी सकाळच्या बसनं अकोला गाठलं. पडताळणीसाठी दोन पोलीस घरी येऊन गेले होते. त्यांच्याजवळ आमच्या वहीची तीच झेरॉक्स होती, वर माझ्या अक्षरातला मथळा. पोरगी कोणत्या संघटनेत आहे, तिला फोन कुणाचे येतात, आणखी कोणत्या सभांना जाते, हे त्यांनी शेजारीपाजारीही विचारलं होतं. शेजारीण तेव्हापासून विरजणाला दही मागायलाही येईना.

बहीण गॅसजवळून हललीच नाही. तिथूनच बोलली. "तुले कायची मस्ती आली होती रे दादा? तुयी पेन्शन चालू आहे, तुयं कोन काय करते? मायी पोरगी पाच वर्षं खोलीत कोंडून घेऊन अभ्यास करत होती! नोकरी गेली तं तू देशीन तिले?" तिचा एक शब्द खोटा नव्हता.

पोलिसांनी भाचीकडून लेखी खुलासा मागितला होता. दोन दिवस झाले तरी तिच्यानं तो लिहवत नव्हता. शेवटी कागद मीच पुढं ओढला. 'सदर सभेचा विषय मला आधी ठाऊक नव्हता. तेथे मांडलेल्या विचारांशी मी सहमत नाही. यापुढे अशा कार्यक्रमास उपस्थित राहणार नाही.' वाक्यं भराभर सुचत गेली, त्याची मला आजही शरम वाटते. शेवटी लिहिलं, 'मामांच्या आग्रहाखातर गेले होते.' अख्ख्या कागदावर तेवढंच खरं होतं.

तिनं सगळं वाचलं आणि नेमकं ते शेवटचं वाक्य खोडलं. "हे नको, मामाजी. नाही तं ते तुमच्या मागं लागतीन."

"लागू दे! मी म्हातारा मानूस, मायं काय बिघडते?"

तिनं ऐकलं नाही. बाकीचा मजकूर कोऱ्या कागदावर उतरवला आणि सही केली. तिचा हात धरावासा वाटला मला. पण हात धरून सांगणार काय होतो? कायदा अजून पेपरातच होता, लोक त्याच्यावर अजून भांडतच होते. आमच्या घरात त्याची वाट कोणी पाहिली नाही.

ऑर्डर आली. भाची पेढे घेऊन अमरावतीला आली, पाया पडली. आता दर रविवारी न चुकता फोन करते. मागच्या रविवारी पेपरातल्या एका बातमीवरून मी सहज विचारलं, "काय वो, तुले काय वाटते याच्याबद्दल?" पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग ती अगदी नीट, सावकाश म्हणाली, "मामाजी, बीपीची गोळी घेतली का तुमी?"

"घेतली," म्हटलं. पुन्हा विचारायची माझीही हिंमत झाली नाही.