एकच ‘नाही’

आमच्या नर्सबाईंनी आयुष्यात कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारलं नाही, आणि तरीही आमच्या गावालगतच्या तिबेटी वसाहतीत कोण कसं आहे, हे त्यांच्याइतकं देवालाही ठाऊक नसावं. उपकेंद्रातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या रोज सकाळी वसाहतीत जात, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरत आणि सरळ भांड्यांवरची झाकणं उचलत. “मानूस खोटं बोलते जी मास्तर, गंज नाय बोलत,” हे त्यांचं वैद्यकशास्त्र; गंज म्हणजे पातेलं. रक्तदाब मोजायचं त्यांचं यंत्र केव्हाच बिघडलं होतं, पण पट्टा गुंडाळून त्या पाच-पाच मिनिटं म्हाताऱ्यांचा हात धरून बसत, आणि म्हातारेही आकडा न विचारता हात देत. लोणी-मिठाचा तिबेटी चहा पुढे आला की म्हणत, “हा चाय नाय, फोडनी द्यायची राह्यलेली दाळ होय,” आणि दुसरा पेला मागत.

माझी बायको गेली तेव्हा त्या माझ्याही स्वयंपाकघरात अशाच शिरल्या. रिकामी भांडी पाहिली आणि म्हणाल्या, “घरात काऊन बसून राहिले जी? चला, मले लिहून द्याले मानूस पायजे.” असा मी त्यांचा कारकून झालो. हिवाळ्यात वसाहतीतली तरुण मंडळी स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात आणि मागे म्हातारी माणसं तेवढी उरतात. बाईंचा खरा हंगाम तोच.

दोन हिवाळ्यांपूर्वी कुठल्याशा संस्थेचं पथक या म्हाताऱ्यांच्या मनाची तपासणी करायला आलं. सभागृहात तेरा जण जमले. आठवडाभर तापानं घरी पडलेल्या बाईही त्या दिवशी पहिल्यांदाच वसाहतीत आल्या होत्या. पथकातली मुलगी कागदावरचे प्रश्न हिंदीतून विचारी, मी उत्तरं लिहून घेई. ‘मरणाचे विचार येतात का?’ या प्रश्नावर एक आजी हसून म्हणाली, “रोज आते हैं बेटी. सुबह भी, शाम को भी.” दुसरीनं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. बारा जणांचा होकार मोजून मुलीचा चेहरा उतरला. तिनं फोन लावून दोन गाड्या मागवल्या. सगळ्यांना आजच्या आज दवाखान्यात हलवायचं म्हणाली. आज्या एकमेकींना बिलगल्या. “हमने क्या किया?” एकीनं मला विचारलं.

बाई कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. “अगं पोरी, ह्यायचा धरमच होय तो! तू सकाळी देवाले हात जोडते ना, तसे हे मरन आठवतेत.”

“आणि उद्या काही झालं तर? जबाबदार कोण?”

“मी! लिही माह्यं नाव!”

आवाज चढत गेले आणि मधेच बाईंनी माझ्या हातातले कागद मोजले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “मास्तर, बारा झाले. तेरावा कोन?”

तेरावे पोला. पोला म्हणजे आजोबा. गालिचे विणून त्यांची बोटं वाकली होती. पावसाळ्यात बायको गेली होती, दोन्ही मुलं स्वेटर घेऊन पुण्याकडे. “नहीं. कुछ नहीं आता,” एवढंच ते म्हणाले होते, म्हणून मुलीनं त्यांच्या कागदावर ‘ठीक’ लिहून त्यांना सर्वांत आधी घरी पाठवलं होतं.

“ज्यानं मरन आठवनं सोडलं, त्यानं सारंच सोडलं,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांना इतक्या वेगानं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोलांचं दार नुसतं लोटलेलं होतं. चूल थंड. बाईंनी झाकण उचललं; आतला भात आंबून गेला होता. पोला खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईंनी मनगट धरलं, हाक मारली, पुन्हा मारली. श्वास चालू होता, पण तोंड भिंतीकडेच राहिलं. देवघरात रोज पहाटे पाण्यानं भरून ठेवायच्या सात वाट्या पालथ्या पडल्या होत्या. त्यांवर धूळ बसली होती.

बाईंनी वाट्या पुसल्या, भरल्या आणि मांडायला घेतल्या. मांडल्या कसल्या, मन मानेल तशा ठेवल्या! एक दुसरीला टेकलेली, एक मागे, एक काठोकाठ भरून सांडणारी. मला पाहवेना. सांडलेलं पाणी जमिनीवर टपकत होतं.

“ऐसे नहीं,” खाटेवरून आवाज आला.

“मंग कसं?” बाई खेकसल्या. “मले कोनी शिकवलं?”

“जौ के दाने जितना फासला.”

“आमच्याकडं धान पिकते. जव मी पाह्यला नाय.”

पोला उठले. भिंतीला धरून आले. वाकलेल्या बोटांनी सातही वाट्या सरळ करायला त्यांना अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ बाईंनी त्यांना कसलीही मदत केली नाही. मुलगी आमच्या मागोमाग येऊन दारात उभी होती. तिनं पोलांच्या कागदावरचं ‘ठीक’ खोडलं आणि गाड्या परत पाठवल्या. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांना घेऊन आली, औषधं सुरू झाली. धाकटा मुलगा धंदा सोडून परतला.

बाई या उन्हाळ्यात गेल्या. चाळीस वर्षं त्या वसाहतीत वावरल्या. वाट्या कशा मांडतात हे त्यांना ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. विचारायचं मात्र राहून गेलं. परवा पोलांना विचारलं, तर ते चिडले. “उसको आता ही नहीं था,” म्हणाले. “मैंने कितनी बार सिखाया.” आणि माझ्यासमोरच मोकळेपणी रडले. मला ते अजून जमलेलं नाही.