सिमेंटच्या वडाची पौर्णिमा

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारायची ही कुठली रीत? कर्वेनगरहून हडपसरला यायला तुला अख्खा उन्हाळा पुरत नाही, आणि आलीस तीसुद्धा भांडण घेऊन. म्हणे त्या रिसॉर्टची पांढरी लॉबी पाडतायत, तुमच्या पहिल्या टीमपार्टीचे फोटो तिथले, आता तिथे गावाचा देखावा करणार, आणि नेटवर सगळे संतापलेत. संतापू देत. तीच पांढरी लॉबी पहिल्यांदा करायला घेतली तेव्हा दारात मी उभी होते. तेव्हाचा संताप मी तोंडासमोर ऐकलाय.

तुझ्या आजोबांची कंपनी तेव्हा बंद पडली होती. हडपसरात एकेक कारखाना दार ओढून घेत होता आणि शेजारी काचेच्या इमारती उठत होत्या. घर चालायचं माझ्या नोकरीवर. लोणी काळभोरच्या अलीकडचं ते रिसॉर्ट, आत गेलं की लॉबी म्हणजे एक खोटं गाव. बैलगाडी, रहाटाची विहीर, आणि मधोमध पार बांधलेला सिमेंटचा भलाथोरला वड, काथ्याच्या पारंब्यांचा. मी नऊवारी नेसून दारात उभी राहायची आणि येणाऱ्याला गूळपाणी द्यायची.

लोकांचा जीव होता त्या लॉबीवर. विहिरीपाशी लग्नाच्या मुली दाखवायचे. बैलगाडीत बसवून पोरांचे वाढदिवसाचे फोटो काढायचे. आणि रस्ता रुंद करताना खरे वड गेले, तशी वटपौर्णिमेला नव्या सोसायट्यांतली एक बाई सुताची गुंडी घेऊन इथे आली. म्हणाली, "बाजारातून तोडलेली फांदी आणून पुजायची, त्यापेक्षा हा बरा. निदान उभा तरी आहे." पुढच्या वर्षी तिच्यामागे अर्धी सोसायटी आली. रिसॉर्टच्या मालकांनी, थोरल्या साहेबांनी, लगेच उपवासाची थाळी सुरू केली. झालं, पायंडाच पडला.

मग साहेबांचा मुलगा कारभार बघायला लागला. त्याला कंप्युटर कंपन्यांच्या बैठका हव्या होत्या. गाव काढा, ग्रॅनाइट लावा. कामाला सुरुवात केली ती नेमकी ज्येष्ठात. त्यांच्या घरात कोणी बाईमाणूस विचारायला असतं, तर तिनेच दिवस बदलायला लावला असता.

वटपौर्णिमेच्या त्या सकाळी वडाच्या निम्म्या फांद्या उतरवल्या होत्या. तुटलेल्या जागी लोखंडी गज बाहेर आलेले. एक मोठी फांदी एकाच गजावर लोंबत होती. आणि दुपारी कोणत्याशा कंपनीचे लोक जागा बघायला यायचे होते. धाकटे साहेब मला म्हणाले, "मावशी, आज बायका येतील. एकीलाही आत सोडायचं नाही. एक जरी आत आली, तर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

एवढंच बोलले आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले. तिथून दार सरळ दिसायचं.

बायका आल्या. शालू, नथी, ताटात आंबे. ताडपत्रीच्या फटीतून एकीने आत पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! हात तोडले की हो त्याचे!"

गलका झाला. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी. मुकादम आतून ओरडला, "मावशी, कुणाला येऊ देऊ नका! वर फांदी लोंबतीय. जरा धक्का लागला तर डोक्यावरच हाय!"

केबिनमधून साहेब तरातरा आले. "अहो, सिमेंटचं झाड आहे ते. त्याची कसली पूजा करता?"

पहिल्यांदा गुंडी आणणारी ती बाई पुढेच होती. म्हणाली, "हेच आमच्या सासूबाई विचारतात. तुमच्या वडिलांनी मात्र थाळी वाढताना कधी विचारलं नाही."

हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. हसू ओसरताच मागचा रेटा वाढला. एकजण माझ्या हाताखालून वाकून आत शिरायला लागली, मी तिला खांद्याने अडवली. तिच्या ताटातला आंबा माझ्या पायावर पडला. ती म्हणाली, "मावशी, तुम्हीसुद्धा? आता काय घरच्या फ्रिजला दोरा बांधू?" वर गज करकरला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. फांदी पडली तर बाई जाईल, आणि बाई आत गेली तर माझं घर जाईल.

मी मुकादमाला ओरडून सांगितलं, "खाली काढलेली एक फांदी बाहेर आण! पारंब्यांसकट!"

चार माणसांनी ती उचलून पार्किंगमध्ये आणली, वाळूच्या पिंपात रोवली. वाकडीच उभी राहिली. बायकांतली एक म्हणाली, "म्हणजे शेवटी फांदीच." पण पदर खोचून तिनेच पहिला फेरा घातला. दोरा गजाला अडकून तुटायचा, गाठ मारायची, पुन्हा चालायचं. गुंडी आणणारी मात्र सामील झाली नाही. "ह्यांच्या दारात पुन्हा येणार नाही," एवढं म्हणून ताट झाकून निघून गेली. मला ते लागलं. तिचं चुकत नव्हतं.

तेवढ्यात कंपनीवाल्यांची गाडी फाटकाशी आली आणि फेऱ्यांमुळे तिथेच अडकली. साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"आत सोडायचं नाही, असं सांगितलं होतंत. कोणी आत आलेलं नाही."

साहेबांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. गाडीतले लोक उतरून पिंपाचे फोटो काढत होते. शेवटी साहेब म्हणाले, "उद्या या. मग बघू."

दुसऱ्या दिवशी गेले, तर खुर्चीवर निळी गोल साडी घडी करून ठेवलेली. गूळपाणी बंद, काचेचं दार उघडायचं आणि गुड मॉर्निंग म्हणायचं. मी मुकाट्याने नेसले. तुझ्या बापाचं शिक्षण व्हायचं होतं. वटपौर्णिमेला मग तिथे कुणी फिरकलं नाही. मी दर वर्षी त्या दिवशी दाराबाहेर बघायची एवढंच. तुझ्या त्या लाडक्या पांढऱ्या लॉबीचं दार मी पुढे कित्येक वर्षं उघडलंय.

आता चहा घे आणि नीघ, बस चुकेल. पण लवकर ये गं. येताना दोन दिवसांचे कपडे घेऊन ये, म्हणजे असं घाईघाईत सांगायला लागणार नाही.