तीनदा विसळलेला ग्लास

मी प्यायलेला ग्लास काकूंनी तीनदा विसळला. मी मोजलं.

माझ्या समोरच. अंगणातल्या टाकीपाशी उकिडवं बसून त्यांनी ग्लास भरला, गोल फिरवला, पाणी लांब फेकलं. पुन्हा भरला, पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा फेकताना त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. हसल्या. मग तो ग्लास कंपाउंडच्या भिंतीवर पालथा घातला. सरांचा ग्लास मात्र ट्रेमधून तसाच आत गेला, घरातल्या भांड्यांत.

पाणी आधी आलं होतं, प्रश्न नंतर. मी ग्लास खाली ठेवला तेव्हा आबांनी विचारलं, "ताई, आडनाव काय तुमचं?" आबा म्हणजे काकूंचे मालक, गावातले मोठे शेतकरी. मी आडनाव सांगितलं. आबा "हां, हां" म्हणाले आणि त्यांनी काकूंकडे बघितलं. त्यानंतर त्या घरात मला कुणी ताई म्हणालं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. कुणी आडनाव विचारलं की मी पुढचं बघत बसते. खुर्ची सरकते का, आवाज बदलतो का, कप बदलतो का. लोक म्हणतात, शिकलीस तरी तुझं हे जात नाही. मी म्हणते, तुमचं कुठं गेलं?

विहिरीकडे चालताना मी सरांना ग्लासाचं सांगितलं. सर आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. शहरातल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतात. मी त्यांची प्रकल्प सहायक. सर म्हणाले, "तुला ना सगळीकडे तेच दिसतं. अगं, बाहेरच्यांची भांडी धुतातच लोक."

तुमचं नाही धुतलं. हे मी मनात म्हणाले. तोंडानं नाही. तेव्हा माझ्या तोंडाला तशी सवय नव्हती.

आमचं काम सांगते. पावसाची रीत बदलली आहे. महिनाभर थेंब नाही आणि मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत, माती घेऊन वाहून जाणारा. जमिनीत मुरतच नाही. म्हणून बोअर खोल खोल जातात आणि खोलातलं पाणी खडकातले क्षार आणि दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड घेऊन वर येतं. हे गावागावांत जाऊन मोजायचं, असा आमचा प्रकल्प. पैठणच्या बाजूची गावं आमच्याकडे होती. प्रत्येक गावातून दोन बाटल्या. एक मोठ्या विहिरीची, एक दलित वस्तीच्या हापशाची. ज्या वस्तीचं पाणी खराब निघेल तिथं सरकारी शुद्धीकरणाचं मशीन बसणार होतं. म्हणजे त्या दुसऱ्या बाटलीवर अख्ख्या वस्तीचं पिण्याचं पाणी अवलंबून होतं.

बाटलीचा एक नियम आहे. भरण्याआधी ती त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. आधीच्या पाण्याचा अंश राहू नये म्हणून. पहिल्याच दिवशी हा नियम मला सरांनी शिकवला होता. काकूंनी कुठल्या कॉलेजात न जाता तो पाळला. त्यांनाही माझा अंश नको होता.

आबांची विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यातही भरपूर पाणी. मी दोरीला नमुन्याची बाटली बांधली आणि काठाशी गेले. तेवढ्यात आबा म्हणाले, "ओ साहेब, दोरी तुमीच सोडा. देवाला पाणी ह्याच इहिरीचं जातं."

माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. नुसतं साहेबाला सांगितलं.

सरांनी माझ्या हातातली दोरी घेतली. त्यांनी "का?" एवढं जरी विचारलं असतं तरी मला पुरलं असतं. मी दोन पावलं मागे झाले. ते मागे होणं माझ्या पायांना लहानपणापासून पाठ आहे. त्याचीच मला जास्त चीड आली.

सरांच्या हाताला दोरीची सवय राहिली नव्हती. बाटली कडेच्या दगडावर आपटत खाली गेली, भरून वर आली. विसळली नाही. तशीच झाकण लावून ठेवली. मग त्यांनी दुसरी रिकामी बाटली घेतली आणि तीही त्याच विहिरीवर भरली.

"दुसरी कशाला, सर?"

"वस्तीच्या हापशाची. या उन्हात माळावर कोण चढणार? खालचा खडक एकच, पाणी एकच. तू लेबल लिही."

पाणी एक नव्हतं. आबांच्या विहिरीत तलावाचं पाणी झिरपतं. वस्तीचा हापसा माळावर, कोरड्या खडकात खोल गेलेला. हे सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला त्यांनीच शिकवलं.

आणि मी लिहिलं. दलित वस्ती, हापसा. खाली नमुना घेणाऱ्याचं नाव असतं, तिथं माझं पूर्ण नाव. सही. ज्या विहिरीवर मला दोरी सोडू दिली नाही, त्या विहिरीचं पाणी मी वस्तीच्या नावावर सही करून दिलं.

का केलं, याची कारणं आहेत. माझी नेमणूक सहा महिन्यांची, पुढचं पत्र सरांच्या हातात. आमच्या घरात शिकून शहरात आलेली मी एकटीच. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला लाज वाटते. त्या ग्लासानंतर मला त्या गावातून लवकर निघायचं होतं. बस्स. माझा अपमान झाला म्हणून मी वस्तीचा घात केला.

जीप माळाच्या कडेनं गेली तेव्हा हापशापाशी एक म्हातारी उभी होती. ओटा घासून धुतलेला. वस्तीत निरोप गेला होता, पाणी तपासायला येणार म्हणून. बाजूला चार बाया घागरी घेऊन थांबलेल्या. जीप दिसताच म्हातारीनं हात वर केला. आमचे ड्रायव्हर सलीमभाई. त्यांनी वेग कमी केला आणि सरांकडे बघितलं. सर मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "चला, चला." मी काच वर केली.

लॅबमध्ये दोन्ही बाटल्या मीच तपासल्या. क्षार तेवढेच. फ्लोराइड तेवढंच. जुळ्या बहिणींसारखे आकडे. कुणाला संशय यायला हवा होता. कुणाला आला नाही. सर म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? पाणी एकच." आपणच भरलेली बाटली आणि आपणच काढलेला निष्कर्ष. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच पटलं होतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

पावसाळ्यानंतर आम्ही दुसऱ्या फेरीला त्याच गावात गेलो. वस्तीपाशी तीच म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी. सलीमभाईंनी करकचून ब्रेक मारला. ती थेट माझ्या खिडकीशी आली. गयाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. सोबत नात होती, दहा-बारा वर्षांची.

"तूच का गं ती? कागदावर नाव हाय ती?"

मी नाव सांगितलं.

"ग्रामसेवकानं वाचून दाखिवलं. वस्तीचं पाणी चांगलं हाय म्हणं. मशीन मिळायचं नाय म्हणं." तिनं नातीची हनुवटी धरली. "दाव गं दात बाईला."

पोरीनं तोंड उघडलं. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे. फ्लोराइडचे. पुस्तकातलं चित्र मी शंभरदा पाहिलं होतं. पोरीनं लगेच ओठ मिटले आणि हात तोंडावर धरला. हसतानाही ती तसाच हात धरत असणार.

"माजे गुडघे वळत नाय. ही पोरगी शाळंत तोंड उघडत नाय," गयाबाई म्हणाली. "बाया म्हनल्या, खोटं लिव्हलंय, भांडाया चला. मीच नको म्हनलं. आडनाव ऐकलं व्हतं ना तुजं. म्हनलं, आपलीच पोर हाय. आपली पोर खोटं कशापाई लिव्हंल?"

सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "आजी, परत येताना थांबतो. वेळ नाही आता."

मला गयाबाईनं एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. आबांच्या अंगणात माझ्या आडनावानं ग्लास बाहेर राहिला. इथं त्याच आडनावानं खोटं खरं ठरलं. बाया भांडायला निघाल्या होत्या, त्यांना माझ्या आडनावानं थांबवलं. आता मला सरांवरच संशय येऊ लागला. सगळ्या लेबलांवर माझंच नाव का? सही मलाच का करायला लावतात? अशा वस्तीत असं आडनाव कामाला येतं, हे त्यांना माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुला सगळीकडे तेच दिसतं.

विहिरीवर पुन्हा तेच. आबा काठावर. दोरी सरांच्या हातात. सर म्हणाले, "दुसरी बाटली दे."

"नाही."

"काय?"

"ही बाटली इथं भरायची नाही, सर. ही हापशाची आहे."

सर आबांकडे बघून हसले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "नाटकं नकोत. तुझं पुढचं पत्र माझ्या टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

माहीत होतं. पण या वेळी पाय मागे गेले नाहीत. मी रिकामी बाटली छातीशी धरली आणि जीपकडे चालू लागले. सलीमभाई दार उघडून उभे. म्हणाले, "बैठ बेटी. मैं छोडतूं. साब इधरीच रुकते."

हापशावर आधी पाच मिनिटं हापसावं लागतं, पाइपातलं साचलेलं पाणी जाईपर्यंत. गयाबाईच्या नातीनं हापसलं, तिच्या दोन शेजारणींनी हापसलं. मग मी बाटली धरली. एकदा विसळली. दोनदा. तिसऱ्यांदा बाया मोठ्यानं म्हणाल्या, "तीन!" कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. त्या बघत होत्या, एवढंच. मग मी बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि सर्वांसमोर लेबल लिहिलं.

त्या बाटलीत फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. सर म्हणाले, हा आकडा चुकीचा धरू, पहिल्या फेरीशी जुळत नाही. तेव्हा मी एका कागदावर लिहून काढलं. पहिल्या फेरीची हापशाची बाटली हापशाची नव्हती. ती विहिरीवर भरली. मला माहीत होतं. तरी मी सही केली. एक प्रत कॉलेजात दिली, एक जिल्ह्याच्या पाणी विभागात, एक गयाबाईच्या हातात.

सर म्हणाले, "वेडी आहेस. सही तुझी आहे. अंगावर तुझ्याच येईल."

"म्हणूनच देतेय," मी म्हणाले.

पुढचं पत्र मिळालं नाही. चौकशीला मला दोनदा बोलावलं, सरांना बोलावल्याचं ऐकलं नाही. नव्या कॉलनीतल्या माझ्या खोलीत नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी ड्रम भरते आणि उरलेल्या दिवशी अर्ज करत फिरते. मशीन वस्तीत अजून आलेलं नाही. येईल असं सांगतात. आलं तरी मी जाऊन बघणार आहे. ते कुणाच्या दारात बसवलं, कुलूप कुणाचं, किल्ली कुणाच्या कमरेला. नुसत्या बातमीवर मी विश्वास ठेवणार नाही.

दर महिन्याला मी एसटीनं त्या माळावर जाते. तपासणीचे पैसे माझे. बाटल्या माझ्या. नात आता स्वतः तीनदा विसळते आणि वहीत तारीख लिहिते. परवा आबा वाटेत भेटले. म्हणाले, "आता सरकारी काम नाय, मग कशाला येती?" मी त्यांना माझं आडनाव पुन्हा सांगितलं. मोठ्यानं, पूर्ण. आणि सांगितलं, पुढच्या खेपेला तुमच्या विहिरीचाही नमुना घ्यायचा आहे. दोरी मी सोडणार.