लेक अविवाहित असल्याचा कागद

मुलीचं लग्न झालं म्हणून मी पेढे वाटले, तेव्हा तिचं लग्न झालेलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

करणार काय? लेक तैवानला नोकरीला, तिशी ओलांडलेली, आणि इथे बहरीनमध्ये आमच्या मराठी मंडळात जिच्या तिच्याकडे एक भाचा लग्नाचा. हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता बायोडेटा मागायच्या. ती तिथल्याच एका मुलीबरोबर राहते आणि तिच्याशीच लग्न करणार, हे लेकीने आम्हाला कधीच सांगितलं होतं. ह्यांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. मी वर्षभर तोंड मिटून बसले. मग एकदा सीफच्या मॉलमध्ये मंडळाच्या दोघींनी गाठलं, माझं डोकं फिरलं आणि ठोकून दिलं, "झालं हो तिचं! तिकडचाच मुलगा, इंजिनिअर. रजिस्टर केलं." घरी येऊन पेढे वळले आणि जुफैरच्या आमच्या इमारतीत दारोदार दिले. ह्यांनी एकही तोंडात घातला नाही.

चार महिन्यांनी लेकीचा फोन आला. तिची कंपनी बंद पडली होती आणि व्हिसा महिनाअखेर संपत होता. त्याआधी लग्नाची नोंद झाली तर तिला तिथे राहता येणार होतं, नाहीतर एकटीने बॅग उचलून निघायचं. दोन बायकांचं लग्न तिथल्या कायद्याने होतं. त्यासाठी तिथली माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत होती, कायदा झाला त्या दिवशी या दोघीही संसदेबाहेर पावसात उभ्या होत्या. पण परदेशी जोडीदाराच्या देशात असं लग्न चालत नसेल तर तिथेही नोंद होत नसे. आपल्याकडे कुठे चालतं? म्हणजे पुन्हा कोर्ट, पुन्हा मोर्चे. शेवटी तो नियमही सुटला. आता अडलं होतं एका कागदावर. मुलगी अविवाहित आहे असं आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि इथल्या आपल्या वकिलातीचा शिक्का.

"साक्षीदार घरच्या ओळखीचे हवेत, आई," ती म्हणाली. "दॅट्स ईझी ना तुला?"

सोपं म्हणे! ओळखीच्या प्रत्येकाला मीच तर तिचं लग्न लावून दाखवलं होतं.

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग म्हणाले, "माझी सही मी करीन. साक्षीदार कुठून आणणार? अख्ख्या बहरीनला पेढे चारलेस."

असा संताप आला! स्वतः घुम्यासारखे बसले होते, जगाला तोंड मीच देत होते. पण खरंच होतं ते.

तिसऱ्या मजल्यावर राजापूरचं मुस्लिम जोडपं राहतं. भाई सीफला एका ऑफिसात क्लार्क आहेत. ईदला त्यांचा शीरखुर्मा आमच्याकडे, दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे. शुक्रवारी दुपारी भाई नमाजहून आल्यावर आम्ही दोघं खाली गेलो. भाभींनी सरबत आणलं. मी ग्लासाला हात न लावता सांगून टाकलं, की लग्न झालेलं नाही, मी खोटं बोलले.

"या अल्ला! पण का वहिनी?" भाभी म्हणाल्या. "मोडलं काय? मुलगा तोच हाय ना?"

"हो, तोच" एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. दोन सह्या घेऊन वर आले असते. शब्द अगदी ओठांवर होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुलगा नाही भाभी. मुलगी आहे."

भाभी ओढणी सारखी करत उठल्या आणि आत गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भाईंनी कागद हातात घेतला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"वहिनी, तुमच्या पोरीचा हे जे चाललाय, ते मला पटणारा नाय," ते म्हणाले. "पण हितं लिवलाय काय, की तिचा लगीन झालेला नाय. हा खरा ना?"

"खरं आहे, भाई. देवाशप्पथ."

"मग खऱ्याला साक्ष द्यायला मी नाय म्हणूचा नाय. माझ्या साहेबांना पण विचारतो, ते तुम्हाला वळखतात. पण त्यांना सगळा सांगूनच. खोटा मी काय बोलणार नाय."

सांगून! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मान डोलावली.

भाई आणि त्यांचे साहेब दोघंही रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या दिवशी, वकिलातीत आले. शिक्का बसला, कागद कुरियरने गेला. संध्याकाळी लेकीने विचारलं, साक्षीला कोण आलं? आणि माझ्याच्याने राहवलं नाही, पेढ्यांसकट सगळं बोलून गेले.

एरवी अर्धं इंग्रजीत बोलणारी माझी पोर सावकाश मराठीत म्हणाली, "आम्ही इतकी वर्षं रस्त्यावर उभ्या राहिलो, आई. आणि तू माझं एका मुलाशी लग्न लावून मोकळी झालीस. लग्नाला ये. पण तिथे मंडळात कोणाला काय सांगून येणार आहेस, ते आधी ठरव." तिने फोन ठेवला.

मी रडले. तिचा राग आला, माझा त्याहून जास्त. मग मंडळाचा ग्रुप उघडला आणि लिहिलं: आमच्या मुलीचं लग्न झालं असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. आता खरंच होतंय, तैवानला, तिच्या मैत्रिणीशी. पाठवायला बोट उठेना. फोन ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी वाचलं. "नाव कुठाय तिचं?" म्हणाले. "पत्रिकेत दोन्ही नावं असतात."

मला त्या मुलीचं नाव नीट लिहिता येईना. ह्यांना येत होतं. कधी पाठ केलं होतं कोण जाणे. एकेक अक्षर सांगत गेले, मी टाइप केलं, आणि ह्यांनीच पाठवलं.